न वाळणारा मार्का

१

प्रेसमधून कापसाची गाठ बाहेर आली, लोखंडी पट्ट्या आवळून झाल्या, की तिच्या तरटावर मार्का मारायचा, एवढंच माझं काम. पत्र्याचा छाप तरटावर दाबून धरायचा, काजळी आणि जवसाचं तेल खललेल्या शाईत कुंचा बुडवायचा, दोन हात मारायचे, छाप उचलायचा. वर मालकाच्या नावाची दोन अक्षरं, खाली गाठीचा आकडा. दिवसाला साठ-सत्तर गाठी. मार्गशीर्षापासून वैशाखापर्यंत सेलूच्या त्या जिनात माझा हाच उद्योग. एरवी दुकानांच्या पाट्या रंगवायचो. बाळबोध, उर्दू, सांगाल ते. मोडीही चांगली यायची. माझ्या अक्षराचा मला फार अभिमान होता. आज कुणी 'किशनराव, तुमचं अक्षर काय सुंदर' म्हणालं तर तळपायाची आग मस्तकात जाते.

साल निजामी हिशेबानं तेराशे सेहेचाळीस फसली. इंग्रजी हिशेबानं एकोणीसशे सदतीस. त्या माघात एक चिनी माणूस पाठीवर निळं गाठोडं घेऊन सेलूत आला. रेशमी रुमाल, सुया, कागदी पंखे विकायचा. नाव विचारलं तर म्हणाला, "मा." बाया तोंडाला पदर लावून हसल्या, आणि दोन दिवसांत सारं गाव त्याला मामा म्हणायला लागलं. स्टेशनाजवळच्या सराईत उतरला होता. संध्याकाळी तिथंच ओसरीवर बसून दगडावर शाई उगाळायचा आणि कुंच्यानं लिहायचा. त्याचा बाप गावातल्या लोकांना पत्रं लिहून देणारा होता. मी रोज जायला लागलो. मी त्याला मोडी दाखवली, लेखणी न उचलता ओळ कशी ओढतात ते. तो इतका खूश झाला की माझा हात धरून त्यानं तीच ओळ पुन्हा काढायला लावली.

एकदा मी म्हणालो, "तुमचं सगळ्यात मोठं अक्षर काढा."

त्यानं बराच वेळ कागदाकडं पाहिलं. मग श्वास रोखला आणि एका दमात, कुंचा न उचलता, काढलं. वाचता येत नसूनही माझ्या अंगावर काटा आला. अक्षर उभं नव्हतं, वळत होतं.

"लुंग," तो म्हणाला.

"नाग?"

"नाग नै." त्यानं हातानं दाखवलं. शिंगं हरणाची, खवले माशाचे, पंजे घारीचे. पंख नाहीत तरी ढगात चढतो. राहतो पाण्यात. त्यांच्या बादशहाच्या अंगरख्यावर हाच, पाच नखांचा, आणि दुसऱ्या कुणी पाच नखांचा काढला तर गर्दन जायची. पाऊस त्याच्या हातात. दुष्काळ पडला की गावकरी त्याची मातीची मूर्त देवळातून काढून भर उन्हात ठेवतात आणि तोंडावर शिव्या देतात, भोग आता तूही. हे सांगताना मामा हसला होता. इंग्रजीत त्याला ड्रॅगन म्हणतात, हे मला फार पुढं कळलं.

तो कागद त्यानं मला दिला. देताना म्हणाला, लिहिलेला कागद पायाखाली येऊ द्यायचा नाही. नको झाला तर नीट जाळायचा. मी हो म्हणालो.

मी तो नेऊन जिनात, माझ्या शाईच्या घमेल्यावरच्या भिंतीला चिकटवला. लोकांनी बघावा म्हणून. तिथून सगळं सुरू झालं, आणि ते मीच केलं.

२

मालक आबासाहेब. कापसाचे व्यापारी, जिन त्यांचं, प्रेस त्यांचा, पोलीस ठाण्याच्या अमीनसाहेबांच्या बरोबरीनं बसून पान खाणार. मुंबईचा दलाल त्यांना सांगून गेला होता की आपला माल पुढं बोटीनं शांघायच्या गिरण्यांत जातो. त्यांनी तो कागद पाहिला आणि मामाला बोलावून घेतलं.

"हेच अक्षर माझ्या गाठींवर मारायचं. तिकडच्या लोकांनी लांबून ओळखलं पाहिजे. छापासाठी मोठं काढून दे."

मामानं विचारलं, गाठ कशी उचलतात? मी सांगितलं. हमाल लोखंडी आकडा तरटात खुपसतात आणि ओढतात. वर चढून थप्पी लावतात.

तो उभा राहिला. "हम नै लिखता."

"काय?"

"उसपे पाँव रखते. लोहा मारते. नै लिखता."

आबासाहेब आधी हसले. मग त्यांचा चेहरा बदलला. नाही हा शब्द त्यांना त्या आवारात कुणी ऐकवला नव्हता. त्यांनी पायानं त्याचं गाठोडं उडवलं. रुमाल सरकीच्या धुळीत पसरले. "बिनपरवान्याचा फिरायलाय हे. जपानी हेर असंल. अमीनाला सांगा."

चिनी आणि जपानी यांतला फरक सांगायला तिथं माझ्याशिवाय कुणी नव्हतं. मी तोंड उघडलं नाही.

दुपारच्या गाडीत शिपायांनी त्याला मनमाडकडं बसवून दिलं. मी स्टेशनावर गेलो, तेही चोरासारखा. खिडकीतून त्यानं मला पाहिलं. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. तो एवढंच म्हणाला, "किशनराव, उसका टुकडा नै करना."

दुसऱ्या दिवशी आबासाहेबांनी भिंतीवरच्या कागदाकडं बोट केलं. "तुझा हात बरा हाय की. छापावर उतरून घे."

मी उतरून घेतलं. माझ्या घरी बायको होती, म्हातारी आई होती. ही कारणं खरी आहेत आणि मला त्यांचा वीट आला आहे. पत्र्याचा छाप कापायचा तर अक्षर सलग ठेवता येत नाही. मधला पत्रा गळून पडतो, म्हणून जागोजाग दुवे सोडावे लागतात. ते एका दमाचं अक्षर मी छिन्नीनं नऊ ठिकाणी तोडलं.

३

पहिल्या दिवशी पन्नास गाठींवर तो मार्का मारला. संध्याकाळी थप्पी लावताना बिरू ओरडला, "किशनराव, शाई पातळ केली का वो? हात भरले समदे."

बिरू हमालांमधला सगळ्यात दणकट गडी. पालमकडचा, घरी मेंढरं होती, जित्राबं रोगानं गेली तसा बायकोला घेऊन जिनात आला. बायको चतुराबाई, कापूस निवडायच्या ओट्यावर बसायची.

मी बोट लावून पाहिलं. ओलं. वैशाखाचं ऊन, पत्रे तापून तडतडत होते, आणि सकाळची शाई ओली. तेल जास्त झालं असेल. दुसऱ्या दिवशी तेल कमी केलं. मग दुसऱ्या दुकानातून आणलं. मग तेल सोडून नुसत्या डिंकाच्या पाण्यात काजळी कालवली. नावाची अक्षरं आणि आकडा डोळ्यांदेखत वाळायचे. तीच शाई, तोच कुंचा, तेच तरट. फक्त ते अक्षर वाळत नव्हतं. वास घेतला. तेलाचा नव्हता. डोहाच्या तळाशी बुडी मारल्यावर नाकात जातो तसला वास.

मी स्वतःला समजावलं की मोठ्या अक्षराला शाई जास्त लागते, म्हणून वाळायला वेळ लागतो.

पाचव्या दिवशी गोदामात गेलो तेव्हा पहिल्या दिवसाच्या गाठींवरचे दुवे भरले होते.

छापात मी सोडलेल्या नऊ फटी. तिथं तरट कोरं राहायला हवं. नव्हतं. प्रत्येक गाठीवर तुकडे एकमेकांना जोडले होते, आणि मामाच्या हातासारखी ती ओळ सलग वळत होती.

मी बिरूवरच खेकसलो. "कुणी हात मारला ह्याच्यावर?"

"म्या कशाला मारू? मला लिवता तर येतं का?" तो जवळ आला, आणि आवाज खाली आणून म्हणाला, "एक सांगू का? लोखंडी आकडा मारायला गेलं की गाठ आंग आत घेती."

"आत घेते म्हणजे?"

"पोट आत वढून घ्यावं की न्हाई मानसानं, तसं."

मी त्याला कामाला जा म्हणालो. फार तुसडेपणानं म्हणालो. भीती वाटली की माझ्या तोंडून असंच निघतं.

४

पुढच्या आठवड्यात मुंबईहून तार आली. पाठवलेल्या गाठी आतून ओल्या, रुई कुजलेली, माल परत.

रुईला पाणी मारून वजन वाढवणं हा जुना धंदा आहे, आणि तो मालक करतात. हमालाला त्यात काय मिळणार? पण आबासाहेबांना कुणीतरी लागत होतं. सकाळी नऊला त्यांनी सगळ्यांना आवारात उभं केलं. गोदामाची ने-आण बिरूकडं, म्हणून बिरू.

"कुणी पैसे चारले तुला? कोणत्या व्यापाऱ्यानं?"

"मालक, आईची आन. पानी म्या मारलं न्हाई. ते आतूनच येतंय."

आतून येतंय म्हणाला आणि तिथंच चुकला. आबासाहेबांना वाटलं, हा तोंडावर थट्टा करतो. त्यांनी त्याला आवाराच्या मध्यावर, जुन्या वजनकाट्याच्या लोखंडी खांबाला बांधायला लावलं. डोक्यावर सावली नाही. डोक्याचं मुंडासं सोडवून घेतलं.

"कबूल करंपर्यंत पाणी देऊ नका."

चतुराबाई पाया पडली. मुकादमानं तिला काठीनं बाजूला केलं. ती उठली आणि पुन्हा पडली. दहा वाजले. अकरा. आम्ही ऐंशी-नव्वद माणसं होतो. मुकादम एक, शिपाई दोन. मी तो आकडा कितीदा मनात मांडला आहे. प्रेस चालू होता, कारण आबासाहेबांनी चालू ठेवायला सांगितला होता, आणि मी गाठींवर मार्के मारत होतो. कुंचा बुडव, दोन हात मार, छाप उचल. माझ्या मागं बिरू आधी ओरडत होता, मग बोलत होता, मग नुसता घसा खरवडल्यासारखा आवाज यायला लागला.

बाराच्या सुमाराला चतुराबाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "तुमाला ठावं हाय. तुमी दर दिसाला बोट लावून बघायलाव. सांगा की त्येंला."

मी कुंचा खाली टाकला आणि आबासाहेबांच्या गादीपुढं गेलो. भीतीपेक्षा संताप जास्त होता, आणि त्यातला अर्धा माझ्यावरच होता.

"गोदामात चला," मी म्हणालो. "तुमच्यासमोर गाठ फोडतो. पाणी वरून मारलेलं असलं तर वरचा थर ओला निघंल. मला बी बांधा मग."

५

भर दुपार होती. बाहेर डोळे उघडवत नव्हते. गोदामाचं दार लोटलं आणि आतून गार हवा अंगावर आली, विहिरीत उतरल्यासारखी.

"पाइप फुटला असंल कुठंतरी," आबासाहेब म्हणाले. त्या बाजूला पाइपच नव्हता. बॉयलर आवाराच्या दुसऱ्या टोकाला. आम्हा दोघांनाही ते ठाऊक होतं.

थप्प्या छतापर्यंत गेल्या होत्या. दाराच्या उजेडात पहिली रांग दिसत होती, आणि एका गाठीवरच्या मार्क्याचं शेपूट शेजारच्या गाठीवर गेलं होतं. तिथून पुढच्या. वरच्या. मी मागं सरकून पाहिलं. वेगळे मार्के आता उरलेच नव्हते. सगळ्या रांगेवर एकच ओळ होती, ओली, चकाकणारी.

आणि आवाज होता. मोठ्या कागदावरून ओला कुंचा सावकाश ओढावा तसा. थांबून थांबून नव्हे, सलग.

"उंदीर," आबासाहेब म्हणाले.

मी मधली गाठ निवडली, छिन्नी लावली आणि पट्ट्या तोडल्या. दाबलेली रुई फुगून बाहेर यायला हवी होती. आली नाही. तरट फाडलं. वरचा थर कोरडा, पांढरा. मी तो दोन्ही हातांनी ओढून काढला. आत पोकळी होती. गोल, घमेल्याएवढी रुंद, बाजूची रुई दाबून गुळगुळीत झालेली. ती मागच्या गाठीत जात होती, तिथून तिच्या मागच्या. पार टोकाला, मागच्या भिंतीतल्या झरोक्याचा उजेड ताटलीएवढा दिसत होता.

"वरून मारलेलं नाही," मी म्हणालो. "बघा."

त्यांनी मला ढकललं आणि उजवा हात आत घातला. कोपरापर्यंत. मग खांद्यापर्यंत. तोंड माझ्याकडं होतं, म्हणून मला त्यांचा चेहरा दिसत होता.

"गार हाय," ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "सरकायलंय."

"हात काढा."

ते काढत नव्हते. त्यांच्या डोक्यावरून मला पोकळीच्या टोकाचा उजेड दिसत होता. तो गेला. काहीतरी मधून जायला लागलं होतं. एखादं जनावर आडवं गेलं तर क्षणभर उजेड जातो आणि परत येतो. मी वाट पाहिली. मग मनात आकडे मोजायला लागलो, कारण आकडे मोजले की अक्कल शाबूत राहते. चाळीसपर्यंत मोजलं. ते अजून जातच होतं. मधेच एकदा त्याच्या अंगाची ओल चकाकली, एकावर एक बसवलेले पैसे असावेत तशी. साठ. सत्तर. मी मोजणं सोडलं.

आबासाहेबांनी हात बाहेर काढला. खांद्यापर्यंत काळा होता.

आम्ही बाहेर आलो. त्यांनी स्वतः दार ओढलं, डाव्या हातानं कुलूप लावलं. मी त्यांच्याकडं पाहत होतो. आता काहीतरी बोलतील, निदान त्या माणसाला सोडा म्हणतील. त्यांनी ते पाहिलं होतं. त्यांच्या हाताखालून ते गेलं होतं.

त्यांनी घसा साफ केला आणि मुकादमाला हाक मारली.

"पाणीच मारलंय. ह्या बिऱ्यानंच. अमीनाला बोलवा."

गोदामात मी घाबरलो होतो हे खरं. पण इतक्या वर्षांत ती भीती विरली. हे वाक्य नाही विरलं.

६

अमीनसाहेब तीन वाजता आले. बिरूवरच्या तक्रारीची दरखास्त मी लिहावी असं ठरलं, कारण माझं उर्दू चांगलं. मी लेखणी खाली ठेवली आणि हात पाठीमागं बांधले. माझं शौर्य एवढंच. अमीनाच्या कारकुनानं लिहिलं: बिरू, राहणार पालम, यानं मालकाच्या रुईवर पाणी टाकलं. कागद आबासाहेबांपुढं आला.

ते मोडीत सही करायचे, बोरू न उचलता. हात धुतला होता, तरी नखांत काळं होतं. त्यांनी नावाचं पहिलं अक्षर काढलं, दुसरं काढलं, नाव संपलं. बोरू थांबला नाही.

ओळ कागदाच्या कडेपर्यंत गेली. कारकून म्हणाला, "बस, आबासाहेब." ती कडेवरून गादीच्या पांढऱ्या चादरीवर उतरली. आबासाहेब हाताकडं पाहत होते, दुसऱ्याच कुणाचा असावा तसे. बोरूतली शाई केव्हाच संपायला हवी होती. ओळ मात्र काळी आणि ओलीच निघत होती. वळली, पुन्हा वळली. ते गादीवरून खाली घसरले, गुडघ्यांवर आले, आणि हात त्यांना फरशीवरून ओढत दाराकडं घेऊन निघाला.

"धरा की मला!" ते म्हणाले. आवाज लहान पोरासारखा झाला होता.

अमीनानं मनगट धरलं. लगेच सोडलं, आपला तळवा पाहिला आणि पँटला पुसला. पुन्हा पुसला. ओळ उंबऱ्यावरून आवाराच्या धुळीत उतरली, आणि धुळीतही ती ओलीच होती. माणसं बाजूला झाली. प्रेस बंद पडला. आबासाहेब रांगत, रडत, गोदामाच्या दाराकडं चालले होते, आणि दारामागं तो कुंच्याचा आवाज आता सगळ्यांना ऐकू येत होता.

मला कीव आली नाही. मी छिन्नी घेतली आणि बिरूचे दोर तोडले. मला कुणी अडवलं नाही. मला सकाळीही कुणी अडवलं नसतं.

अमीनसाहेब घोड्यावर बसून निघून गेले. दरखास्तीवर धड सही झालीच नाही; कारकुनानं तो कागद फाडून टाकला. आबासाहेबांना चार जणांनी उचलून घरी नेलं, हात बाजेला बांधला. त्या दिवसापासून जिन बंद. गोदाम पुढं कुणी उघडलं का, आत काय निघालं, मी विचारलं नाही.

७

बिरू तिसऱ्या दिवशी गेला. उन्हानं आतून भाजला होता. शेवटी पाणी पाजलं तर तोंडातून तसंच बाहेर यायचं.

दहावा झाल्यावर चतुराबाई माझ्या दारात आली. कमलबाईनं, माझ्या बायकोनं, तिला आत बोलावलं. ती आली नाही. ओट्यावरच बसली.

"अर्ज लिवून द्या मला," ती म्हणाली. "परभणीला जाते. जिल्ह्याच्या सायबाच्या, तालुकदाराच्या कचेरीपुढं बसते. घेईस्तवर बसते."

मी दौत-लेखणी आणली. कागद पुढं घेतला. मला वाटलं, आता तरी सगळं लिहावं. गाठीतली पोकळी, झरोक्याचा गेलेला उजेड, धुळीतली ओळ. इतकं खरं मी आयुष्यात काही पाहिलं नव्हतं.

"गोदामात काय होतं ते बी लिहितो," मी म्हणालो. "आबासाहेबांनी पाहिलं, मी पाहिलं."

तिनं माझ्याकडं असं पाहिलं, की मी टेकवलेली लेखणी उचलली.

"त्येचं मला काय करायचंय? आत जे काय हाय ते असू द्या. त्येनं माझ्या मानसाला हात लावला न्हाई. माझ्या मानसाला खांबाला बांधलं ते मानसानं. उन्हात ठिवलं मानसानं. अन् तुमी समदे बघत हुबे ऱ्हायलाव, ती बी मानसंच." तिचा आवाज चढला नव्हता. "पयलं मालकाचं नाव लिवा. मग मुकादमाचं लिवा. मग कोण कोण व्हतं, एकेकाचं नाव सांगते, ते लिवा. तुमचं बी."

मी पहिलं नाव लिहिलं. ती सांगत गेली, मी लिहीत गेलो. माझं नाव चौथं होतं.